आपा आणि प्रिंटरचा पत्ता

आपा दुसऱ्याच्या कीबोर्डला हात लावायच्या नाहीत. शिकवायला बसल्या की दोन्ही हात ओढणीत गुंडाळून ठेवायच्या. “मी केलं तर काम होईल, पण तुला येणार नाही,” हे त्यांचं ठरलेलं.

पनवेलला एसटी स्टँडमागे आमचं दोघींचं टायपिंगचं दुकान होतं. लग्नपत्रिका, अर्ज, आखाताला निघालेल्या पोरांचे बायोडाटा. यंत्रं आपांकडे, गप्पा माझ्याकडे. पन्नाशी उलटली तरी मी स्वतःला फार हुशार समजे. एके काळी टायपिंगच्या परीक्षेत पहिला वर्ग मिळवला होता ना! प्रिंटर रुसला की मी त्याला थोपटायची. एकदा तर उदबत्तीसुद्धा ओवाळली.  आपा पुढे आठवडाभर मला ‘पुजारीणबाई’ म्हणत होत्या.

नवा प्रिंटर आला आणि नेमके तेव्हाच दोह्याला त्यांच्या सुनेचे दिवस भरत आले. मुलाने तिकीट पाठवलं. आता त्यांना कायमचं तिकडेच राहायचं होतं. पण आपा हटून बसल्या.

“ते तिकीट या प्रिंटरवर तू छापून दे, तरच जाते. नाहीतर माझ्यामागे दुकानाला कुलूप लागेल.”

अडचण अशी, की वीज जाऊन आली की राउटर प्रिंटरला नवा नंबर द्यायचा, आणि कॉम्प्युटर बापडा जुन्याच नंबरावर हाका मारत बसायचा. प्रिंटरला कायमचा पत्ता, म्हणजे न बदलणारा नंबर, द्यायला हवा होता, तोही कॉम्प्युटरवरूनच. आपांनी प्रिंटरचं सेटिंगचं पान कसं उघडायचं ते सांगितलं आणि हात ओढणीत घेतले. मी मोठ्या ऐटीत कॉम्प्युटरचाच नंबर प्रिंटरलाही देऊन टाकला. दोघे एकाच टेबलावर, मग पत्ता वेगळा कशाला? क्षणात दोघेही मुके झाले.

आपा पोट धरून हसल्या. “अगं सुमन, आपण एका बिल्डिंगमध्ये राहतो म्हणून तुझी भाजी माझ्या दारात ठेवतात का? बिल्डिंग तीच राहू दे, फ्लॅट बदल.”

मग प्रिंटरची बटणं दाबून तो नंबर पुसला आणि पुन्हा बसले. आधीचे आकडे तसेच ठेवले, शेवटचा तेवढा वेगळा, राउटर आणखी कुणाला देणार नाही असा. नवा पत्ता कॉम्प्युटरलाही सांगितला. आपांनी मेन स्विच बंद करून पुन्हा लावला आणि मला मानेनेच खूण केली.

आयुष्यात पहिल्यांदाच मला वाटलं, हे यंत्र बिघडलेलं बरं. पण कॉम्प्युटर चालू करून मी तिकीट छापायला दिलं, तर मेला लगेच गुरगुरला. कागद सरकत बाहेर आला; त्यावर आपांचं नाव, पनवेल सोडायची तारीख.

आपांनी तो उजेडाकडे धरून पाहिला, घडी घालून पर्समध्ये ठेवला.

“छान आलंय,” त्या म्हणाल्या. “आता आणखी एक काढ. हे मी हरवलं तर?”

दुसरी प्रत काढायला मी जरा जास्तच वेळ लावला. आपांनी घाई केली नाही.