सांगलीचा अर्जंट कॉल

अंजनाला मी कधी रडताना पाहिलं नाही. राग आला की तिचा आवाज खाली जायचा, आणि जितका राग मोठा तितकं ती हळू बोलायची. कराडच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ती माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायची. त्या वेळी सगळे फोन हातानं जोडावे लागत. समोर भोकांचा उभा बोर्ड, कानाला हेडफोन. गावात कुणी हँडल फिरवलं की त्याच्या नंबरचं झाकण खाली पडायचं आणि आम्ही कॉर्ड खुपसून ‘नंबर प्लीज’ म्हणायचो. बाहेरगावचा कॉल आला तर आधी माणूस जाग्यावर आहे का ते विचारायचं, लाईन साफ लागली का ते क्षणभर ऐकायचं आणि बाजूला व्हायचं. दुसऱ्याचं बोलणं ऐकत बसायचं नाही, ऐकलेलं बाहेर सांगायचं नाही, असं आमच्याकडून लिहून घेतलेलं होतं.

तिचे वडील आकाराम वडूजकडच्या एका वाडीचे. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. आकाराम मेंढरांमागं न जाता कराडला आले, मंडईजवळ घोंगड्यांचं दुकान टाकलं, मागच्या दोन खोल्यांत संसार मांडला. माल चोख, बोलणं मोजकं. पुण्याच्या एका ठेकेदारानं मोठी ऑर्डर देऊ केली तेव्हा त्यांनी दुकानात फोन घेतला. लोकर आणायला पैसा हवा होता, तो सांगलीतल्या नानासो नावाच्या हळदीच्या अडत्यानं दिला. शेकडा पाच, महिन्याला. आणि पहिल्या महिन्याचं व्याज आधीच कापून. पुढं बहात्तरचा दुष्काळ आला. ठेकेदारानं माल उचललाच नाही. फडताळं छतापर्यंत भरली आणि गिऱ्हाईक आटलं. खेड्यातला माणूस दगड फोडायच्या कामावर जात होता, नवं घोंगडं कोण घेणार?

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात सांगलीचे अर्जंट कॉल सुरू झाले.

पहिला कॉल अंजनाच्याच बोर्डावर आला. ठरलेल्या आवाजात तिनं स्वतःच्या घरचा नंबर लावला आणि विचारलं, “सांगलीहून नानासोंचा कॉल आहे. आकाराम बोलतायत का?”

पलीकडून वडील म्हणाले, “व्हय, बोलतोय.”

नाही म्हटलं असतं तर कॉल तिथंच मिटला असता. पण लेकीनं सरकारी खुर्चीवरून विचारल्यावर खोटं कसं बोलायचं, असं त्यांना वाटलं असणार. अंजनानं लाईन साफ आहे का पाहिलं, आणि त्या दिवशी ती बाजूला झाली नाही.

नानासोंचा आवाज घट्ट, पान खाल्लेला. “काय रं आकाराम, घोंगडी खपली का? का तीच पांघरून निजतोस?” आकाराम म्हणाले, “मालक, जरा दम काढा, देतो.” नानासो हसले. मग आईवरनं, जातीवरनं, मेंढरांवरनं, सगळं झालं. दुकानात एखादं गिऱ्हाईक असायची वेळ त्यांनी हेरून ठेवली होती. आकाराम रिसीव्हर कानाला दाबून धरायचे, म्हणजे आवाज बाहेर जायला नको. तरी जायचा.

असं रोज चाललं. आकाराम फोन उचलेनासे झाले तेव्हा नानासोंनी शेजारच्या भांड्यांच्या दुकानात फोन लावला आणि सांगितलं, “त्या घोंगडीवाल्याला म्हणावं, मयत झाला असशील तर निरोप तरी धाड.” भांडेवाल्यानं तो निरोप चार माणसांदेखत दिला. आकाराम परत फोन उचलू लागले, पण त्यांचं जेवण सुटलं. अंजनाची आई अंबूबाई घरातला दोर नवऱ्याच्या नजरेआड ठेवायला लागली.

एका दुपारी अंजनाची ड्युटी होती. शेजारी मी होते. तिनं कॉल जोडला, ऐकत राहिली, आणि तिची कॉर्डवरची बोटं घट्ट झालेली मला दिसली. पुढं तिनं मला सांगितलं ते असं. नानासो म्हणाले होते, “पोरगी हाय न्हवं तुला? ल्हान न्हाई आता. लावून दे की सांगलीला माझ्याकडं. व्याज फिटंल.” आणि आकारामचा श्वास अडकला होता. तेवढाच तिला ऐकू आला होता.

अंजनानं हेडफोन काढला, पदरानं पुसला, परत कानाला लावला. “आता ह्याला मी सोडत न्हाई,” ती इतकी हळू म्हणाली, की मला पुन्हा विचारावं लागलं.

पुढच्या सुट्टीला ती एसटीनं साताऱ्याला गेली. देशमाने नावाचे म्हातारे वकील होते, त्यांच्यापुढं सगळं मांडलं. ते म्हणाले, “वडिलांना नादारीचा अर्ज करायला सांग. आहे ते सगळं कोर्टाच्या हवाली करायचं. ज्यांचं देणं आहे त्यांच्यात कोर्ट वाटून देईल. अर्ज मंजूर झाला की कोणी परस्पर वसुलीला दारात येऊ शकत नाही.”

“आन् तोवर फोन येत राहतील त्याचं काय?”

“उचलायचा. पळाला, असं त्याला म्हणता येता कामा नये. पण कबूल काही करायचं नाही, अमक्या तारखेला देतो म्हणायचं नाही. त्याचं तोंड बंद करायला म्हणून एक पैसाही द्यायचा नाही. अर्जाच्या तोंडावर एकाला देऊन बाकीच्यांना डावललं तर कोर्टाला ते चालत नाही. माल लपवायचा नाही. वकिलाशी बोला, एवढंच सांगायचं. त्याच्याकडं सावकारीचं लायसन आहे?”

“नसावं.”

“मग कोर्ट त्याला दमडी मिळू देणार नाही. पण तो म्हणेल, मी सावकार नाही, दोस्तीत उसने दिले. अशी व्याजानं दिलेली आणखी माणसं दाखवता आली तरच तो धंदा ठरतो. आणि फोनवर तो काय बोलतो ते तिसऱ्या कुणीतरी ऐकावं.”

“एक्स्चेंजमधनं मी ऐकलंय.”

वकिलांनी चष्मा काढला. “ते तू मला सांगितलेलं नाहीस,” ते म्हणाले.

घरी आकाराम ऐकेनात. “नादार म्हणून नाव लागंल. वाडीत तोंड कसं दावू? धुळानं लोकर इस्वासावर दिली, इणकरांची मजुरी ऱ्हायलीय. त्यास्नी काय सांगू?” धुळा म्हणजे त्यांचा चुलतभाऊ, अजून मेंढरं राखणारा.

“अण्णा, नानासो एकटा सगळं गिळाय बसलाय. कोर्टात गेलं तर धुळाकाकाला चार पैसं तरी मिळतील.”

आकाराम मान हलवत राहिले. तेव्हा अंबूबाई चुलीपुढनं उठल्या आणि म्हणाल्या, “आवं, नाव जाऊ दे. मला दोर लपवायचा कटाळा आलाय.” आकारामनी बायकोकडं पाहिलं. दुसऱ्या दिवशी ते साताऱ्याला गेले.

अर्ज दाखल व्हायला थोडा अवधी होता. अंजनानं वडिलांना फोनपासून उठवलं आणि सुट्टीच्या दिवशी ती स्वतः दुकानात बसली. समोर राहणारे सुभेदार कृष्णात, फौजेतून पेन्शनवर आलेले, त्यांना तिनं स्टुलावर बसवून घेतलं. कॉल मीच जोडला. अंजनानं रिसीव्हर दोघांच्या कानांमध्ये तिरका धरला.

“आकाराम कुठाय?”

“मी त्यांची मुलगी. अण्णा नादारीचा अर्ज करतायत. पुढं वकिलांशी बोला.”

मग नानासो उसळले. “अर्ज? मला कोर्ट दावतीस? कोर्टात सांगंन की, दोस्तीत उसनं दिलं हुतं!”

“शेकडा पाचानं? दोस्तीत?”

“आज पाच घेतो, उद्या धा घीन! लायसन काढून सरकारपुढं नाचाय मी येडा न्हाई. कराडात माझी किती माणसं हायत, तुला ठावं न्हाई. एक तोंड उघडत न्हाई. तुझ्या बापाला भर मंडईत नागडा करंन!”

सुभेदारांना राहवलं नाही. त्यांनी रिसीव्हर ओढून घेतला आणि परेडवर बोलावं तसं बोलले, “मी सुभेदार कृष्णात. पहिल्यापास्नं ऐकतोय. चालू द्या तुमचं.”

लाईन कट झाली. वकील नंतर सुभेदारांवर चिडले, की एवढ्यात हे कळू द्यायला नको होतं. पण अंजना त्या दिवशी लय खूश होती. ती मला म्हणाली, “त्याचा श्वास आडकला गं. अण्णांचा आडकायचा ना, तस्साच.”

नानासोंच्या व्याजात अडकलेली माणसं कराडात किती, हे अंजनाला चांगलंच ठाऊक होतं. त्यांना येणारे नानासोंचे कॉल आम्हीच जोडत होतो. नियमाप्रमाणं ते नंबर एक्स्चेंजच्या उंबऱ्याबाहेर न्यायचे नव्हते. तिनं नेले. स्टँडजवळच्या लॉजवाल्याकडं ती गेली. त्यानं दार लावून घेतलं. एक कापडवाला ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हणाला. मग ती बनाबाईंकडं गेली. नवरा गेल्यावर खानावळ चालवणारी बाई, मनगटं पुरुषासारखी. अंजनानं नानासोंचं नाव घेताच त्यांनी हातातला पळा खाली ठेवला.

“तुला कुणी सांगितलं?”

“कुणी न्हाई. त्यानं तुमाला काय काय म्हटलं, तेबी मला ठावं हाय.”

बनाबाईंनी पदराला हात पुसले. “कोर्ट कवा हाय?” त्या म्हणाल्या. त्या तयार झाल्या तसा कापडवाल्यालाही धीर आला.

साताऱ्याच्या कोर्टात मी रजा काढून गेले होते. नानासो पांढऱ्या टोपीत आले, चेहरा देवळात यावा तसा. शपथेवर म्हणाले, आकाराम माझा स्नेही, अडचणीत मदत केली. मग सुभेदार पिंजऱ्यात उभे राहिले आणि फोनवर ऐकलेलं शब्दाला शब्द सांगितलं, शिव्यांसकट. बनाबाई आल्या. कापडवाला आला. देशमाने वकिलांनी फक्त एवढंच विचारलं, “इतके स्नेही, सगळ्यांना शेकडा पाच?” न्यायाधीशांनी लायसन मागितलं. नानासो टोपी काढून घाम पुसायला लागले.

निकाल लागला तो असा. आकाराम नादार जाहीर झाले. फोन खात्यानं काढून नेला, दुकान, माल, सगळं विकलं गेलं आणि त्यातला वाटा धुळाला आणि विणकरांना मिळाला. पुरता नाही, पण मिळाला. नानासोंचा दावा कोर्टानं फेटाळला, आणि विनापरवाना सावकारी व कर्जदाराचा छळ यासाठी सांगलीत त्यांच्यावर वेगळी केस उभी राहिली.

कोर्टाच्या व्हरांड्यात ते अंजनाजवळ आले. हात जोडलेले होते. “पोरी, मिटवू. तुज्या बापाकडं माझं काई न्हाई, समजलं? सांगलीच्या केशीत तेवढं...”

अंजना तिच्या त्या खालच्या आवाजात म्हणाली, “मला सांगलीला बोलावलं हुतं न्हवं तुमी? अण्णांना म्हटलं हुतं, लावून दे. येते की मी. दर तारखेला येते.”

ते वाक्य तिनं कसं ऐकलं, हे त्यांना उमगायला वेळ लागला. उमगलं तेव्हा त्यांच्या तोंडाचा रंग उतरला. मी तिथंच होते, मी पाहिलं.

आणि ती खरंच गेली. प्रत्येक तारखेला रजा, सकाळची एसटी, आणि सांगलीच्या कोर्टात पुढच्या बाकावर. साक्ष असो नसो, ती नुसती बसायची आणि नानासोंकडं बघत राहायची. तिकडं त्यांचे बाकीचे कर्जदार, केस कानावर आल्यावर, फोन उचलून सरळ ‘वकिलाशी बोला’ म्हणू लागले. व्याज येणं थांबलं तशी अडत डगमगली. नानासोंचा मुलगा एकदा अंजनाला भेटून गेला, वडिलांना साखर आहे, झोप लागत नाही, म्हणाला. तिनं त्याला चहा पाजला आणि पुढची तारीख विचारून घेतली.

आकाराम बायकोला घेऊन वाडीवर परतले होते, धुळाच्या मेंढरांची लोकर कातरायला मदत करायचे. ते लेकीला म्हणाले, “अंजना, आता पुरं कर. माझं मन शांत झालंय.”

“माझं न्हाई झालं, अण्णा.”

मधल्या काळात नानासोंच्या वकिलानं आमच्या खात्याकडं तक्रार केली, की हिनं एक्स्चेंजमधून माणसं शोधली. साहेबांनी चौकशी लावली. मला विचारलं तेव्हा मी काही पाहिलं नाही म्हणाले. अंजनाला विचारलं तेव्हा ती म्हणाली, “होय, मी ऐकलं. नंबरही मीच नेले. काय शिक्षा असेल ती द्या.” तिची पगारवाढ रोखली आणि बदली चिपळूणला केली. ती ट्रंक घेऊन निघाली. स्टँडवर मी विचारलं, पस्तावतेस का गं? “कशाला? स्वस्तात पडलं,” ती म्हणाली.

नानासोंना दंड झाला, थोडी कैद झाली. सुटून आले तोवर अडत बंद होती. अंजना चिपळूणहून मुद्दाम रजा काढून सांगलीला गेली आणि मलाही तिनं कराडहून बोलावून घेतलं. मार्केटात त्या बंद गाळ्यासमोर आम्ही दोघी उभ्या राहिलो. कुलूप गंजायला लागलं होतं, पायरीवर कुणीतरी हळदीची रिकामी पोती रचली होती. तिनं ते मन भरेपर्यंत पाहिलं. मग आम्ही कृष्णेच्या घाटावर गेलो. तिनं भडंग घेतलं, वर कांदा आणि जास्त तिखट टाकायला सांगितलं, आणि पायरीवर बसून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, सगळं एकटीनंच संपवलं.