रानातल्या घासांचं वजन

बी.एस्सी. झाल्यावर मला पहिली नोकरी मिळाली ती लोक काय खातात ते मोजण्याची. पन्नासच्या दशकातली गोष्ट. आमची आहार-पाहणी गडचिरोलीकडच्या एका धानाच्या गावात होती. आठवडाभर एका घरी राहायचं, चुलीवर चढण्याआधी तांदूळ, डाळ, तेल सगळं तोलायचं आणि कोणाच्या ताटात किती पडलं ते तक्त्यात लिहायचं.

माझा तराजू पाहून त्या घरच्या म्हाताऱ्या सासऱ्यांना वाटलं, सरकार धान न्यायला आलं. त्यांची समजूत घालण्यात पहिली सकाळ गेली. सून मात्र हसतमुख. दोन दिवस तिनं पाहुणी म्हणून मला कोंबडी रांधून घातली, त्यामुळे रोजचं खरं जेवण तिसऱ्या दिवशी सुरू झालं.

मग माझं गणित बिघडलं. सगळ्यांच्या मागून जेवणारी ती सून इतकं थोडं खात होती, की पुस्तकाप्रमाणे तिनं चक्कर येऊन पडायला हवं होतं. ती तर रोज रानातून लाकडाची मोळी डोक्यावर घेऊन गप्पा मारत परतायची. मी वजनं पुन्हा तपासली. बरोबर होती. शेवटी पाचव्या दिवशी मी तिच्यासोबत रानात गेले.

वाटभर ती खातच होती. तेंदूची पिकलेली टेंभरं, चारोळीच्या झाडाची मूठ मूठ काळी चारं, पदरात बांधलेली भाजकी मोहाची फुलंही. हे आधी का सांगितलं नाही, असं मी जरा चिडूनच विचारलं.

"तुमी घरचं पुसलं, बाई," ती म्हणाली. "हे तं रानातलं. याले कोन जेवन म्हनते?"

दुसऱ्या दिवशी मी तराजू फांदीला टांगला. बरोबरच्या बायका हसत हसत आपापली ओंजळ तोलून घेऊ लागल्या. मी वजन लिहिणार, तेवढ्यात सुनेनं मला थांबवलं. चारं खाऊन चारोळीसाठी राखलेल्या बिया तिनं माझ्यापुढे धरल्या.

"ह्या कुठी खाल्ल्या मी? ह्या वजा करा."

मी बिया तोलल्या आणि वजा केल्या.

नागपूरला आमच्या साहेबांनी रानातल्या खाण्यासाठी मी हातानं आखलेला रकाना बराच वेळ पाहिला. बिया वजा करायचं कसं सुचलं, म्हणून विचारलं. मी खरं ते सांगितलं. ते मनापासून हसले. पुढच्या छापील तक्त्यात 'घराबाहेर खाल्लेले' असा नवा रकाना आला, आणि पुढच्या गावी मी पहिल्याच सकाळी रानाची वाट विचारली.