कमलनं सुचवलेलं नाव

आमच्या चारकोपच्या सेक्टरात कोणाला मुसलमान म्हणून शिव्या पडल्या, कोणाची हातगाडी उलटवली, कोणाला टोपी बघून रिक्षातून खाली ओढलं, की लोक पोलिसांच्या आधी कमलला हाक मारतात. कमल वाघमारे. माझ्या मागच्या लाइनीत राहते. महापालिकेच्या प्रसूतिगृहात आया होती, आता रिटायर. गुडघे गेलेत, आवाज शाबूत आहे.

ती वकील नाही, पुढारी तर नाहीच. तिची पद्धत साधी. मार लागला असेल तर आधी दवाखाना, मग पोलीस ठाणं. शर्ट फाटला असेल तर तोच अंगात ठेवायचा, धुवायचा नाही. आणि ठाण्यात गेलं की बाकावर बसून राहायचं. "साहेब, तुमचं चालू द्या. माझी बीपीची गोळी दुपारची असते, ती मी इथंच घेईन. पाण्याचं तेवढं बघा." असं म्हटल्यावर साहेबालाही कळतं की ही बाई जेवायच्या आत काही उठत नाही. त्यांनी कागदावर 'किरकोळ वाद' असं लिहिलं, की ही चष्मा पुसत विचारते, "किरकोळ कुणाला, साहेब? ह्या लेकराला विचारा की. हे जसं सांगतंय तसंच लिहा. तुमचं मराठी चांगलं आहे, पण मार ह्यानं खाल्लाय."

ज्याला ठाण्याची पायरी चढायची भीती वाटते, त्याचं ती शीतलला फोनवर सांगते. शीतल ही वकील पोरगी, अंधेरीला एका संस्थेत बसते. कुठे काय घडलं ते टिपून ठेवते, कोणाला वकील लागला तर देते, नाव नको म्हटलं तर नाव लिहीत नाही.

एकदा मी विचारलं होतं, "कमळे, तुला का गं ह्यांचा एवढा पुळका?"

"पुळका कसला? शिवी खाऊन आलेल्या माणसाचा चेहरा मला लांबून ओळखता येतो, एवढंच."

मी तिला चहा दिला. असं काही कानावर आलं की मी चहाच देते, दुसरं सुचत नाही.

तर जैतूनची गोष्ट. जैतून परकार, खेडकडची. नवरा गेल्यावर माझ्या खिडकीसमोरच्या गाळ्यात शिलाई मशीन टाकून बसली. गाळा केवढा, तर दोघी आत शिरल्या की तिसरीनं रस्त्यात उभं राहून बोलायचं. फॉल, पिको, ब्लाउज, सुनांचे ड्रेस आत घेणं आणि दिवाळीनंतर तेच उसवून मोठे करणं. तिचं मराठी माझ्यापेक्षा चोख. माझ्या पाठीला बाक आला तोही आधी तिनंच ओळखला. "काकू, ह्या वेळी मागची उंची जरा वाढवू या," एवढंच म्हणाली. डॉक्टरनं नंतर तेच सांगितलं, पण त्याला इतकं गोड सांगता आलं नाही.

मग मोबाइलवर ते निरोप फिरायला लागले. आपल्या माणसाकडूनच घ्या, त्यांच्या दुकानात पोरीबाळींना पाठवू नका. माझ्याकडेही आले. मी पुढे पाठवले नाहीत, पण पाठवणारीला 'का गं पाठवतेस' असंही विचारलं नाही. आमचं भजन तिच्याच घरी असतं, आणि ती खिचडी फार छान करते.

जैतूनकडची गर्दी आटली. मशीनवर कापड घालून ती रस्त्याकडे बघत बसायची. एका दुपारी आम्ही दोघी तिच्याकडे बसलो होतो. कमल म्हणाली, "पाटीवरचं नाव बदल."

पाटीवर 'जैतून लेडीज टेलर' होतं.

"बदलून काय लिहू, मावशी?"

"जया लिही. सोपं आहे, दोनदा कोणी वाचत नाही."

जैतूनला हसू आलं. "आईनं ठेवलेलं नाव आहे हो माझं. नावानं कोणाचं काय वाकडं केलंय?"

"नावानं नाही केलं. पण गाळ्याचं भाडं नाव भरणार आहे का? नाव म्हणजे चप्पल गं. दुकानाबाहेर काढायची, घरी जाताना पायात घालायची."

मी म्हटलं, "झकास. जया लेडीज टेलर. ऐकायलाही बरं वाटतं." माझ्या जिभेला काही टॅक्स नाही.

जैतूननं थोडे दिवस काढले, मग पाटी रंगवून घेतली. आणि खरंच गिऱ्हाईक आलं. मागच्या टॉवरमधल्या बायका आल्या, लग्नाचे ब्लाउज आले. सगळ्या तिला जयाताई म्हणायच्या. हाक आली की ती जराशी उशिरा मान वर करायची. मला खिडकीतून ते दिसायचं. पण दुकान चाललं होतं ना, मग कशाला बोला.

नवरात्र जवळ आलं होतं. नऊ रंगांच्या ब्लाउजांचा ढीग पडला होता तिच्याकडे. चार-पाच पोरं मोबाइल उगारून गाळ्यासमोर आली. एक तर आमच्याच सेक्टरातला, लहानपणी माझ्याकडे पाणी प्यायला यायचा.

"नाव काय तुझं?"

"जया."

"आधार कार्ड काढ."

तिनं काढलं नाही. त्यानं गल्ल्यातली पर्स ओढली, कार्ड काढलं आणि मोबाइलसमोर धरलं. "बघा! जैतून! आमच्या नावाखाली आमच्या आयाबहिणींची मापं घेते!" मग पाटी खाली आली. ब्लाउज गटारात गेले. मशीनला लाथ बसली, ते आडवं झालं आणि तिचा उजवा हात त्याखाली आला.

मी खिडकीत होते. खाली जायचं म्हणून चप्पल शोधत होते. ती पायातच होती.

कमल आली तेव्हा पोरं निघून गेली होती. तिनं पडलेली पाटी बघितली, त्यावरचं 'जया' बघितलं, आणि तिचा चेहरा असा झाला की मला वाटलं, हिला दवाखान्यात न्यायची पाळी येते. पण तिनं जैतूनला उठवलं. दवाखान्यात दोन बोटांना प्लॅस्टर घातलं. तिथून आम्ही तिघी ठाण्यात. मी कशाला गेले? तर कमलची पिशवी धरायला. तेवढं मला जमतं.

ठाण्यात माधुरी मॅडम म्हणून फौजदार होत्या. बाई वाईट नव्हती. सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, "मारहाण झाली ते दिसतंय. पण त्या मुलांचाही अर्ज आलाय मघाशीच, फसवणुकीचा. व्हिडिओ पण जोडलाय. तुम्ही नाव का बदललंत? ह्याचं उत्तर नसेल तर हे दोन्हीकडचं भांडण होतं, बाई. तुम्ही तक्रारदार पण आणि आरोपी पण."

मी कमलकडे बघितलं. आता ही चष्मा पुसणार, आता बोलणार. कमल भिंतीकडे बघत होती.

जैतूननं तिच्याकडे एकदाच बघितलं आणि म्हणाली, "मीच ठेवलं, मॅडम. माझ्या मनानं."

"का?"

"असंच."

मॅडमनी 'असंच' लिहून घेतलं. गोळीची वेळ होऊन गेली, तरी कमलनं पाणी मागितलं नाही.

बाहेर पडल्यावर जैतून रिक्षात बसता बसता म्हणाली, "मावशी, मला मागं घ्यायचीय तक्रार. नको आता." आणि गेली.

त्या दुपारी कमल माझ्याकडे आली. दारातच उभी.

"कुंदे, मी बोलले नाही."

"बघितलं मी."

"सगळ्या मुंबईला सांगत फिरते, तुझंच बोलणं लिहायला लाव म्हणून. आणि माझं बोलायची वेळ आली तर भिंत बघत बसले."

"घाबरलीस?"

"पोलिसाला नाही घाबरले."

"मग कुणाला?"

मी चहा ठेवायला उठले तर म्हणाली, "बस गं खाली. तुझा चहा नको मला. तूही होतीस तिथं. झकास कोण म्हणालं होतं?"

मी बसले. खरंच होतं ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती जैतूनच्या घरी गेली आणि म्हणाली, "तक्रार मागं घ्यायची का ठेवायची ते तू ठरव. पण आधी माझ्याबरोबर चल. मला जबाब द्यायचाय." जैतूनला वाटलं, मावशी परत जोर करतायत. तरी आली. शीतलही अंधेरीहून आली. मी पिशवी घेऊन होतेच.

कमल ह्या वेळी बाकावर बसली नाही. टेबलापुढे उभी राहिली. "मॅडम, ते नाव मी दिलं. हिनं नको म्हटलं होतं. मी गळी उतरवलं."

"खोटं नाव लावायला तुम्ही शिकवलंत?"

"हो. मी."

"का पण?"

कमलनं टेबलाची कड धरली. "कारण मी तसंच राहिले होते. लग्न होऊन परभणीकडून आले, तेव्हा कांदिवलीत खोली मिळेना. आडनाव सांगितलं की खोली गेलेली असायची. मग आमच्या ह्यांनी दुसरं आडनाव सांगितलं आणि खोली मिळाली. बाबासाहेबांचा फोटो पेटीत तळाला ठेवला. चौदा एप्रिलला दार लावून पेटी उघडायची, आतल्या आत नमस्कार करायचा, झाकण लावायचं. शेजारीण हळदीकुंकवाला बोलवायची, माझ्या हातचं खायची. मला घास जायचा नाही, वाटायचं, आत्ता कळेल. फार चांगली होती ती बाई. अशीच, ही कुंदा बसलीय ना, अशी. आणि कळलं तेव्हा तिनंच आमची भांडी जिन्यावरून खाली टाकली. म्हणाली, फसवलंत."

माझ्या मांडीवर तिची पिशवी होती. ती मी घट्ट धरली. इतकी वर्षं शेजार, आणि हे मला माहीत नव्हतं. मला का सांगितलं नसेल, ते कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"तेव्हा फसवणूक कुणाची झाली ते तुम्ही ठरवा," कमल म्हणाली. "पण ह्या पोरीनं कुणाचं कापड पळवलं नाही, मापात खोटं केलं नाही. नाव लपवलं ते मार बसू नये म्हणून. आणि शिकवलं मी. हे असंच लिहा. शब्द बदलू नका."

मॅडमनी लिहिलं. म्हणाल्या, "मावशी, हे कागदावर आलं की सगळे वाचतील. सेक्टरातले पण."

"वाचू द्या."

जैतूननं तक्रार मागं घेतली नाही. शीतलनं पाठपुरावा केला, मारहाणीचा आणि नासधुशीचा गुन्हा नोंदवला गेला, आणि फसवणुकीचा अर्ज मॅडमनी बाजूला ठेवला. पोरं जामिनावर बाहेर आहेत. पाणी प्यायला यायचा तो आता माझ्या खिडकीखालून जाताना वर बघत नाही. मीच बघते.

तुम्हाला वाटेल, झालं, मिटलं. ठाण्याबाहेर आल्यावर कमल जैतूनचा हात धरायला गेली. जैतूननं प्लॅस्टरचा हात मागे घेतला.

"मावशी, काल तुम्ही गप्प बसलात त्याचा मला राग नाही. माणूस घाबरतं. पण तुम्ही मला नाव दिलंत तेव्हा हे का नाही सांगितलंत? घास जायचा नाही हे? भांडी टाकली हे? माझ्याही तसंच व्हायचं. कोणी जयाताई म्हटलं की मशीन थांबायचं माझं. मला वाटायचं, मीच बावळट, मावशींनी तर किती सोपं सांगितलंय, चप्पल म्हणून. तुम्ही सांगितलं असतंत तर मी पाटी रंगवली नसती. उपाशी बसले असते, पण माझ्या नावानं."

कमलनं माझ्या हातातली पिशवी स्वतःकडे घेतली.

"आता तुम्ही येऊ नका घरी," जैतून म्हणाली. "मला वाटलं की मी बोलवीन."

आता गाळ्यावर परत 'जैतून लेडीज टेलर' आहे. टॉवरमधल्या बायका बहुतेक गेल्या. काही राहिल्या, त्यातली एक खिचडीवाली आहे, हे मात्र मला मान्य करायला हवं. मी मात्र अजून तिला त्या निरोपांबद्दल विचारलेलं नाही. विचारीन म्हणते.

कमल अजून लोकांबरोबर ठाण्यात जाते, पण बदललीय. मागच्या आठवड्यात एक फळवाला आला, त्याचा वजनकाटा पोरांनी उचलून नेला होता. पूर्वीची कमल असती तर त्याला तसाच ओढत ठाण्यात नेलं असतं. आता तिनं त्याला खुर्ची दिली आणि विचारलं, "तुला काय करायचंय?" तो इकडंतिकडं बघायला लागला. हिनं घाई केली नाही. शेवटी म्हणाला, पोलीस नको, काटा पायजे. ही गुडघे धरत त्या पोरांच्या आयांकडे गेली आणि काटा घेऊन आली. शीतलला फोन केला, पण त्याला विचारून. आणि त्याला जाताना म्हणाली, "उद्या पण येतील कदाचित. येणार नाहीत असं मी सांगत नाही."

काल मी ब्लाउज आणायला जैतूनकडे गेले. तिची बोटं अजून नीट वळत नाहीत, काज करायला वेळ लागतो. मान खाली घालूनच तिनं विचारलं, "कमलमावशी जेवतात का नीट?"

"अर्धी भाकरी," मी म्हटलं. "तीसुद्धा मी समोर बसले तर."

ती थांबली. मला वाटलं, आता म्हणेल, पाठवा त्यांना. मी दारात जरा रेंगाळलेसुद्धा.

"त्यांना म्हणावं, पूर्ण खात जा," ती म्हणाली, आणि ब्लाउज घडी करून माझ्या हातात दिला.

तेवढं मी कमलला येऊन सांगितलं. ती म्हणाली, "बोलावलं नाही ना?"

"नाही."

"बरोबर आहे तिचं," कमल म्हणाली, आणि भाकरीचा तुकडा मोडून बराच वेळ हातात धरून बसली.