आवाज कुलपात होता

८ मे २०२५, गुरुवार. चार्जिंगची पिन सैल झाली म्हणून ह्यांचा फोन दाखवायला रत्नागिरीला नेला. दुकान बंद. एसटी स्टँडवर गाडीत चढताना पिशवीतून फोन गेला. माझा पर्समध्ये होता, तो राहिला. पोलिसांत तक्रार दिली. उकाडा फार.

करुणाताईंनी एवढंच लिहिलं. मिशनच्या सिस्टरांच्या शाळेत असल्यापासून दिवसाची नोंद केल्याशिवाय त्या कधी निजल्या नव्हत्या. पण त्या फोनमध्ये काय होतं, ते काही त्यांच्याने लिहवलं नाही.

त्यात त्यांचे यजमान काशीराम होते. मुंबईच्या गोदीतून निवृत्त होऊन गावी आल्यावर वाडीच्या विहारात वंदना तेच सांगत. दम्याने अंथरूण धरलं तेव्हा त्यांनी सबंध वंदना फोनमध्ये म्हणून ठेवली, मधल्या खोकल्यासकट. ते गेल्यावर दर पौर्णिमेला करुणाताई फोन विहारात नेऊन माइकपुढे धरत आणि सगळी वाडी त्या आवाजामागून म्हणे. आता सोमवारी बुद्धपौर्णिमा होती.

"बँकेचं सगळं बंद केलं, आई," मुंबईहून मुलगी, समीक्षा, सांगत होती. "फोनला कुलूप आहे. नंबर माहीत नसेल तर चोराच्या हातात नुसती काच."

"म्हणजे आवाज सुरक्षित आहे?"

"आहे गं. पण त्याच्याकडे. किती वेळा म्हटलं, मला पाठवून ठेव! तर म्हणालीस, बाबा काय घरोघर वाटायची वस्तू आहे?"



सिम बंद करण्याआधी समीक्षाने मुंबईतूनच, बाबांच्या ऑनलाइन खात्यात जाऊन, तो फोन हरवल्याची खूण केली. कुलूप न उघडताही पडद्यावर एक ओळ दिसेल, अशी सोय होती.

"नुसता तुझा नंबर टाकते."

"असं कोरडं नको. वाचणारा माणूसच असेल ना? लिही, यात माझ्या दिवंगत पतीचा आवाज आहे. कृपया परत करावा."

शनिवारी दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"आई, मी मोबाईल दुरुस्तीवाला. एकाने हा फोन विकायला आणलाय. तुमची ओळ वाचली आणि भरून आलं बघा. तो आत्ता परत येईल. तेवढ्यात साहेबांचा आवाज काढून तुम्हाला पाठवतो. उघडायचा नंबर तेवढा सांगा."

"दुकान कुठे तुमचं?"

"ते सांगतो मागून. तो आला तर सगळं पुसून टाकेल, आई."

करुणाताईंनी नंबर सांगितला. चुकू नये म्हणून पुन्हा एकदा, सावकाश सांगितला. "जपून काढा हं," असंही म्हणाल्या. मग स्वतःचा फोन मांडीवर घेऊन पडवीत बसल्या. काहीच आलं नाही. त्यांनी उलट फोन लावला, तो लागेना.

दिवेलागणीला समीक्षाचा आला. "आई, बाबांचा फोन त्यांच्या ऑनलाइन खात्यात दिसेनासा झाला. कुणीतरी उघडून पुसलाय. पण नंबर कळला कसा?"

करुणाताईंनी पडवीतला दिवा लावला.

"आई?"

"मी सांगितला."

 समीक्षा हलक्या आवाजात म्हणाली, "त्याला उघडत नव्हता गं. कधीच उघडला नसता."

"तुझ्या बाबांचा आवाज पाठवतो म्हणाला," करुणाताई म्हणाल्या.

पौर्णिमेला त्या रिकाम्या हातांनी विहारात गेल्या. म्हातारा धाकू माइक पुसत होता.

"वैनी, दादांचा आवाज नाय आणलाव?"

"नाही, भाऊजी. गेला तो."

धाकूने माइक त्यांच्यापुढे सरकवला. करुणाताईंनी हात जोडले, सुरुवात केली. त्रिसरणापर्यंत निभावलं. पुढे, जिथे काशीरामांना खोकला यायचा, तिथे सगळी वाडी सवयीने क्षणभर थांबली. त्या शांततेत करुणाताईंनी माइक परत धाकूकडे सरकवला. उरलेली वंदना धाकूने आपल्या घोगऱ्या आवाजात पुरी केली.

घरी येऊन त्यांनी डायरी उघडली. तारीख घातली. बराच वेळ पेन तसंच धरून ठेवलं, आणि मग लिहिलं : वाळत घातलेली आमसुलं अंगणातून आत घेतली. त्यांच्या खालची परात अजून ओली आहे.