चोरलेला पान्हा

"चोरटी हाय ही, डॉक्टरसाहेब. पान्हा चोरती!" दत्तू म्हणाला आणि हातातली काठी त्यानं म्हशीच्या पाठीत घातली.

मी तेव्हा सरकारी पशुवैद्य होतो. चऱ्होलीच्या दत्तूला म्हैस चाकणच्या बाजारात काढायची होती. कोण घेतो, याचं त्याला सोयरसुतक नव्हतं. त्याची आई हौसाबाई मात्र म्हशीच्या गळ्यात हात टाकून उभी. "कायबी औशिद द्या, पर खाटकाला नको," एवढंच तिचं चाललेलं.

कास तपासली. भरलेली होती, आजार काही नव्हता. तेवढ्यात धडाम! नव्या कंपन्यांच्या बांधकामाला दगड लागायचा, म्हणून गोठ्यामागंच खाण निघाली होती. सुरुंग उडाला तशी म्हैस थरथर कापायला लागली. छातीला स्टेथोस्कोप लावला, तर ठोके मोजता येईनात.

मी पान्हा सोडवणारं इंजेक्शन दिलं. बघता बघता बादली भरली.

"बघा, दूध व्हतंच की! चोरतच व्हती."

"चोरत नाही रे, भिते. जनावर भ्यालं की अंगात ॲड्रिनलिन सुटतं. काळीज धडधडतं, रक्तवाहिन्या आवळतात, ब्लडप्रेशर चढतं. पान्हा सोडवणारा रस रक्तातूनच कासेत जातो. वाटच आवळली तर तो पोचणार कसा? आधी सुरुंग, वर तुझी काठी."

"मंग रोज टोचा."

"रोज टोचून भागत नाही. शांत जागा पाहिजे."

ती कुठून आणायची? खाणवाला काही माझं ऐकणार नव्हता.

हौसाबाईनं हळूच विचारलं, "बाईमान्साचंबी आसंच आस्तंय का वो?"

"हो मावशी, तसंच."

ती खाली बसली. "पैल्या लेकीच्या येळंला ह्याचा बाप लय मारायचा मला. अंगावर दूध उतरंना. सासू म्हनायची, चोरून ठिवती. पोर गेली माजी." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "म्या चोरलं नव्हतं, न्हाई का?"

"नव्हतं, मावशी." दत्तूनं काठी कधी खाली टाकली, ते मला कळलंच नाही.

"हितं नको हिला," ती डोळे पुसत दत्तूला म्हणाली. "मावळात मामाकडं सोडून यी. तिकडं सुरुंग न्हाई."

मामाकडं म्हैस महिन्याभरात बिनइंजेक्शनची दूध द्यायला लागली. हौसाबाई मात्र रिकाम्या गोठ्यात तासन्‌तास बसून असते, असं दत्तू सांगायचा.

निदान दोघींचं एकच होतं. म्हशीला ते वेळेत मिळालं.