चावी माझ्या खिशात होती

भुताखेतांवर माझा कधी विश्वास नव्हता, हे आधीच लिहून टाकतो. जुन्या गाड्यांचा धंदा आहे माझा. अपघातातल्या गाड्या मी घेतल्यात, सीटवरचे डाग स्वतःच्या हाताने धुतलेत, आणि त्याच गाड्या लोकांनी बायको-मुलांसकट वर्षानुवर्षं वापरल्यात. गाडीने कधी त्रास दिला नाही. त्रास दिला तो माणसांनी. या प्रकरणातही एका माणसावर माझा राग आहे आणि तो अजून उतरलेला नाही... पण क्रमाने सांगतो.

रत्नागिरीला कुवारबावला माझं दुकान आहे. बापाने काही ठेवलं नव्हतं, जे आहे ते मी भाव करून मिळवलं. गेली काही वर्षं गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न एकच असतो, इलेक्ट्रिक आहे का? कोणाला कोणती लागते ते मी माणूस बघून सांगतो. रिटायर मास्तरांना ती छोटी, दोन दारांची, बाजारापुरती. घरावर सोलर बसवलेल्या डॉक्टरांना जरा उंच बांध्याची, मागे सामान मावणारी. मुंबईहून गावी येणाऱ्यांना मोठ्या बॅटरीची एसयूव्हीच हवी, कारण वाटेत चार्जिंग संपलं तर काय, ही धास्ती. बायकांना मात्र सगळ्याच आवडतात. क्लच नाही, गिअर नाही, चढावर गाडी मागे येत नाही. माझी बायको वैशाली पंधरा वर्षं ड्रायव्हिंग शिकायचं टाळत होती, ती इलेक्ट्रिकवर आठ दिवसांत शिकली. म्हणून तिच्यासाठी एक बघत होतो.

मार्चमध्ये पालीच्या पुढच्या एका वाडीतून फोन आला. वाडीचं नाव देत नाही, गाडीच्या कंपनीचंही नाही. एसयूव्ही होती, दीड वर्ष जुनी, ओरखडाही नाही. मालक बोटीवर मोटरमन, म्हणजे इंजिनावर कामाला होते, गावात सगळे त्यांना कप्तान म्हणत. ते वारले होते. गाडी त्यांचा धाकटा भाऊ अनंत विकत होता. कसे वारले विचारलं, तर म्हणाला, हार्ट अटॅक. कुठे, ते मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही.

मी दोन तास भाव केला. बॅटरीला नावं ठेवली, टायरना ठेवली, रंगाला ठेवली. शेवटी अनंत थकला आणि मला हव्या त्या किमतीला आला. मग तो म्हणाला, "भाऊ, एवढं करा. वेशीवर राखणदाराचा दगड हाय. गाडी घेतली तेव्हा दादाने तिथं नारळ ठेवला होता. आता विकली तर दोघांनी मिळून सांगाया लागतं. पाच मिन्टांचं काम."

ही पद्धत मला माहीत होती. आमच्याकडेही आहे. घरची वस्तू हद्दीबाहेर दुसऱ्याच्या हातात गेली, की देणारा आणि घेणारा, दोघांनी हद्द राखणाऱ्या देवापुढे उभं राहून गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे त्याला सांगून परवानगी मागायची. पण मला वाटलं, हा वेळ काढतोय, वेशीवर पोचेपर्यंत किंमत वाढवेल. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "नारळ तुझा तू ठेव. व्यवहार झाला. गाडीत जे काही आहे ते सगळं आता माझं — मॅट, कव्हर, चार्जर, जे असेल ते. परत मागायला यायचं नाही."

कप्तानांची बायको दारात उभी होती. माझ्याकडे बघत राहिली, एवढंच. मी त्या दगडासमोरून गाडी न थांबवता आणली.

पहिला महिना काही नाही. वैशाली खूश होती. मग बॅटरी उतरायला लागली. सकाळी पूर्ण चार्ज करून पोर्चमध्ये लावलेली गाडी संध्याकाळी ऐंशी टक्क्यांवर. कुठे न जाता. मी अनंतला फोन करून वाटेल ते बोललो. सर्व्हिस सेंटरला नेली. तिथला माणूस म्हणाला, बॅटरी ठणठणीत आहे, पण दुपारी तीन ते सहा गाडी चालू ठेवून एसी लावला जातोय, रेकॉर्डमध्ये दिसतंय. मी घरी येऊन वैशालीवर ओरडलो, उकाडा होतो तर घरात एसी लाव, गाडीत कशाला बसतेस? ती गोंधळून बघत राहिली. म्हणाली, मी दुपारी झोपते.

दुसऱ्या दिवशी मी चावी माझ्याबरोबर नेली. दुसरी चावी दुकानाच्या कपाटात होती, कुलपात. साडेतीनला कुणाला न सांगता घरी आलो.

मे महिना. अंगणातला कातळ तापलेला, पाय ठेववत नव्हता. गाडीच्या काचांवर बाहेरून दव धरलं होतं. इलेक्ट्रिक गाडी चालू आहे की बंद, ते बाहेरून कळत नाही. जवळ गेलो तेव्हा एसीची बारीक घरघर ऐकू आली. वैशाली आत होती. ड्रायव्हरच्या नव्हे, शेजारच्या सीटवर. तोंड ड्रायव्हरच्या सीटकडे. ती सीट पार मागे सरकवलेली, उंच माणसाला लागते तशी. वैशालीला तिथून ब्रेकलाही पाय पोचला नसता. समोर स्टार्टचा हिरवा दिवा लागलेला. आणि चावी माझ्या खिशात होती. मी ती हाताने चाचपली.

दार उघडेना. मी काचेवर थापा मारल्या. तिने मान वळवली आणि हळू, समजावल्यासारखं म्हणाली, "थांबा जरा ओ. त्यांचं बोलणं संपू दे."

मी भांडणारा माणूस आहे. रस्त्यावर चार माणसं अंगावर आली तरी मागे सरत नाही. त्या क्षणी मी पोर्चच्या खांबाला धरून उभा राहिलो. थोड्या वेळाने दाराचं लॉक आपोआप उघडलं. तिचे हात बर्फासारखे होते. तिला वाटत होतं ती पाचच मिनिटं बसली होती.

रात्री तिने एवढंच सांगितलं, की ते चांगले आहेत, घाबरवत नाहीत, फक्त घरचा रस्ता विचारतात. मी म्हटलं, तुला कुठे माहीत आहे तो? ती म्हणाली, "नव्हता. आता थोडा थोडा कळायला लागलाय."

सकाळी मी दुकानातून अनंतला फोनवर गाठला. या वेळी ओरडलो नाही, बहुतेक म्हणूनच तो बोलला. कप्तान रत्नागिरीहून घरी येत होते. हातखंब्याच्या पुढे छातीत दुखायला लागलं, म्हणून त्यांनी गाडी कडेला घेतली. दुपारचे तीन वाजले होते. एसी चालू. इंजिनाचा आवाज नसतोच, त्यामुळे जाणाऱ्या-येणाऱ्यांना वाटलं, माणूस झोपलाय. सहा वाजता कोणीतरी काच वाजवली. हे त्याने मला आधी सांगायला हवं होतं. हाच माझा राग. तो म्हणाला, तुम्ही ऐकायला थांबलात कुठे?

गाडी परत द्यायचं ठरवूनच दुपारी दुकानातून निघालो, तेवढ्यात मोबाईलवर गाडीचं अ‍ॅप वाजलं. गाडी पोर्चमध्ये नव्हती. नकाशावर ठिपका हातखंब्याच्या पुढे सरकत होता. वैशालीला फोन लावला, तो घरीच वाजत राहिला असणार. दोन्ही चाव्या माझ्याकडे होत्या. मी दुकानातली डिझेल जीप काढली. पालीपर्यंत कशी चालवली मला आठवत नाही. डोळ्यांसमोर एकच होतं, ती वाडीत शिरली तर परत येणार नाही. असं का वाटलं ते सांगता येत नाही, पण खात्री होती.

वेशीवर गाडी दिसली. राखणदाराच्या दगडापासून दहा पावलं अलीकडे. भर दुपार, रस्त्यावर चिटपाखरू नाही. गाडी वीतभर पुढे सरकायची आणि थांबायची. पुन्हा वीतभर, पुन्हा थांबायची. वैशाली आत होती. शेजारच्याच सीटवर, पट्टा लावून. ड्रायव्हरची सीट रिकामी.

मी बोनेटवर हात ठेवून आडवा उभा राहिलो. माझ्या हातांना गाडीचा रेटा कळत होता. काचेतून तिचा आवाज आला. रडवेली झाली होती. "राखणदार पुढे जाऊ देत नाहीत ओ. गाडी आपली नाही म्हणतात."

एका हाताने अनंतला फोन केला. तो स्कूटरवर आला, मागे वहिनी, म्हणजे कप्तानांची बायको. तो आला तसा दगडापुढे उभा राहिला, चप्पल काढून. मला म्हणाला, तुम्ही पण या. मी म्हटलं, मी हात काढला तर? वहिनी म्हणाल्या, "काढा. मी हाय ना." आणि त्या माझ्या जागी येऊन उभ्या राहिल्या. हात लावला नाही, नुसत्या उभ्या राहिल्या. गाडी हलली नाही.

अनंतने गाऱ्हाणं घातलं. देवा महाराजा, आमच्याकडून चूक झाली, सांगितल्याशिवाय वस्तू बाहेर गेली, तिच्याबरोबर घरचा माणूसही गेला. मग त्याने माझ्याकडे बघितलं. आता बोलायची पाळी माझी होती. भाव करताना मला शब्द शोधावे लागत नाहीत, इथे शोधावे लागले. शेवटी म्हणालो, माझा काही हक्क नाही. गाडीवर नाही, आतल्या कशावर नाही. माझी बायको तेवढी मला द्या.

हिरवा दिवा विझला. वैशालीच्या बाजूचं दार उघडलं, आणि ती स्वतःच्या पायांनी उतरली. वहिनींनी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून धरलं, पाहुण्यासाठी धरतात तसं, आणि म्हणाल्या, "चला. पोचलात."

गाडी तिथेच सोडली. काही परत मागितलं नाही.

सर्व्हिस सेंटरवाला म्हणतो, सॉफ्टवेअरचा दोष असू शकतो. मग ड्रायव्हरशिवाय गाडी हातखंब्याची वळणं कशी घेईल? डॉक्टर म्हणाले, उन्हाचा त्रास. वैशालीला त्यातलं काही आठवत नाही. हसते, जेवते, नीट झोपते. स्टेअरिंगला मात्र पुन्हा हात लावलेला नाही. इथे कोणाकडे खुलासा असेल तर लिहा. माझ्याकडे नाही.

गेल्या महिन्यात आम्ही जीपने कोल्हापूरला निघालो होतो. पाली मागे पडली, आणि तो फाटा आला. मी मुद्दाम वेग वाढवला. वैशाली डोळे मिटून बसली होती. डोळे न उघडता तिने माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "अहो, वळा ना. घर राहिलं मागे."

कोणाचं घर, ते मी विचारलं नाही. तिचा हात थंड होता. मी गाडी चालवत राहिलो.