काळी चार, गजर पूर्ण

साठी ओलांडलेल्या तीन माणसांना एका खोलीत बसवा, समोर पेटी ठेवा आणि विचारा, "संगीतात तुमचं ध्येय काय?" बस्स! वर्षभराच्या किश्श्यांची सोय झाली. मला वाटलं होतं मी क्लास चालवतेय. प्रत्यक्षात मी किस्से साठवत होते आणि त्यातले निम्मे माझ्यावरच होते.

पुण्याहून संगीतात एम.ए. करून रत्नागिरीला परतले ती डोक्यात वारं भरूनच. मांडवीत एका घराची माडी मिळाली. भिंतीवर मी मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'सुरात खोटं चालत नाही.' दर शनिवारी पाच वाजता क्लास. नियम एकच: नुसतं 'आवड म्हणून' यायचं नाही. कागदावर ध्येय लिहायचं, मुदतीसकट.

*

पहिल्या दिवशी कागद वाटले, वर माझ्या हातचं 'ध्येय, मुदतीसह'.

सुलभाकाकू, निवृत्त नर्स. त्यांनी अर्ध्या मिनिटात लिहून दिलं, 'दिवाळीपर्यंत ह्यांच्यापेक्षा बरं गायचं.'

"काकू, काका गातात?"

"गातात कसले! पण त्यांना वाटतं ना!"

आपटे सर, निवृत्त मुख्याध्यापक, बासरी शिकायला आलेले. त्यांनी आधी माझाच कागद तपासला. 'मुदतीसह' खाली लाल रेघ मारून म्हणाले, "अक्षर सुधार."

तिसरे हरीबुवा. नाटे गावचे. चाळीस वर्षं मच्छीमार बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचे कप्तान, आणि तीस वर्षं गावच्या भजनाचे बुवा. आता मुलीकडे मांडवीत राहतात. त्यांनी पेन्सिल मुठीत धरून एकच ओळ लिहिली.

'गणपती. नाटे. काळी चार. गजर पूर्ण.'

मी ती ओळ दोनदा वाचली.

*

कारण सांगते. काळी चार म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी. तिथे सा धरायचा म्हणजे पुरुषाच्या गळ्याला चांगलीच उंच चढण. आमच्याकडचे भजनी बुवा तिथेच गातात. खाली गाणं म्हणजे कमीपणा! आणि गजर हा भजनाचा शेवटचा, चढत चढत जाणारा भाग. तिथे गळ्याची खरी परीक्षा.

गेल्या गणपतीत बुवांच्या गावच्या भरल्या घरात त्या गजरातच बुवांचा आवाज फाटला. बुवांनी पेटीवरून हात उचलला आणि उठून मागच्या पडवीत जाऊन बसले. तीस वर्षांत पहिल्यांदा गजर अर्धा राहिला. मागे बसलेला कुणीतरी हसला. पखवाजावर भिकाजी होते, बुवांचे लहानपणापासूनचे दोस्त. त्यांनी एकट्यानेच वाजवून वेळ मारून नेली. यंदापासून पेटी पुतण्याकडे जायची, असं घरात ठरलं. बुवांनी एवढंच सांगितलं, "शेवटचा गजर मी म्हणीन."

म्हणजे संधी एकच होती.

*

जूनमध्ये आपटे सरांना नवी कवळी बसली आणि बासरी बंद पडली. फुंकर कुठूनही जायची, बासरीत सोडून! तीन आठवडे सर घामाघूम झाले. चौथ्या शनिवारी त्यांनी स्वतःचा ध्येयाचा कागद मागून घेतला आणि लाल पेनाने शेरा मारला, 'अनुत्तीर्ण. पुढील वर्षी पुन्हा बसावे.'

सगळे हसले. बुवा हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "सर, पुढलं वर्ष तुम्हाला कुणी लिहून दिलंय?"

*

जुलैत मी मोबाईलवर बुवांचा गजर रेकॉर्ड करून त्यांनाच ऐकवला. वरच्या सा पाशी आवाज चरचरून फाटत होता. मी शब्द शोधत होते, तेवढ्यात सुलभाकाकू म्हणाल्या, "फाटतोय हो बुवा."

"काकू!"

"काय काकू? पेशंटला खोटं सांगू नये."

मग मीही धीर केला. "बुवा, ध्येय झेपणारं हवं. काळी तीन घेऊ. लोकांना कळणारसुद्धा नाही."

बुवांनी भाता बंद केला.

"बाय, नाट्याहून बोट दाभोळला निघाली, तर दाभोळलाच न्यायची. वारा पडला म्हणून वाटेत जयगडला बांधायची नि म्हणायचं हेच दाभोळ? असं नाय गो चालत."

"पण बोट फुटली तर?"

"तर फुटली म्हणून सांगायचं."

पुढचे दोन शनिवार बुवा आलेच नाहीत. मला झोप लागेना. मी शिकवायला आले होते की एका म्हाताऱ्याची शेवटची उमेद मोडायला?

*

आणि मग मी ते केलं.

माझी पेटी स्केलचेंजरची आहे. बाजूचा खटका फिरवला की सगळ्या पट्ट्या सरकतात. बोट काळी चारवरच ठेवायचं, सूर मात्र खालचा निघतो. बुवांची गावची पेटी साधी, त्यांना ही भानगड ठाऊक नसणार. तिसऱ्या शनिवारी ते आले, त्याआधीच मी खटका दोन खाचा खाली सरकवून ठेवला. म्हणजे काळी तीन.

बुवांनी काळी चारवर बोट ठेवलं. गजर म्हटला. वरपर्यंत! एकदाही न फाटता!

मी टाळ्या वाजवल्या. सरांनी वाजवल्या. काकूंनी नाही. त्या पेटीच्या खटक्याकडे बघत होत्या आणि त्यांच्या डोक्यामागे भिंतीवर माझंच वाक्य होतं.

बुवांनी पेटीवरून हात फिरवला. "गोड हाय गो तुझी पेटी. गणपतीत हीच आण."

*

एकच अडचण उरली. पखवाज. तो पेटीच्या सुराला लावावा लागतो आणि भिकाजी तर घरूनच काळी चारला लावून आणणार! मी एस.टी. पकडून नाट्याला गेले. भिकाजी पडवीत बसून पखवाजाची वादी ओढत होते. सगळं सांगितलं. त्यांनी वादी हातातून सोडली.

"हऱ्याला कळलं तर?"

"नाही कळणार."

"तीस वर्षं त्याच्या बाजूला बसतंय मी. त्याला शिंक येणार ती मला आधी कळते. नि त्याला आपला सूर कळणार नाय?"

"भिकाजीकाका, गेल्या वर्षीसारखं परत झालं तर?"

त्यांनी सूर लावायची हातोडी उचलली. "उतरवतंय. पण हे मी केलं नाय, तू केलंस."

*

गणपतीचा पाचवा दिवस. दुपारची आरती झाली. नाट्याला बुवांच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. मुंबईहून आलेले सगळे, पुतण्या पहिल्या रांगेत. काकू आणि सर माझ्या शेजारी. मी पेटी मांडली. खटका दोन खाचा खालीच.

बुवा बसले. काळी चारवर बोट ठेवलं. भिकाजींनी पखवाजावर थाप दिली. सूर तंतोतंत जुळला.

बुवा थांबले.

त्यांनी बाजूला हात घातला, न बघता खटका धरला आणि एक खाच वर. दुसरी खाच वर. पुन्हा सा दाबला. आता पखवाज त्याच्याखाली बेसूर वाजला. माणसं एकमेकांकडे बघू लागली.

बुवा माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "बाय, ते जयगड व्हतं."

भिकाजींनी मांडीखालून हातोडी काढली. ती तिथे तयारच होती! ठक, ठक, ठक. अख्खं घर त्या हातोडीचा आवाज ऐकत होतं. पखवाज चढला. काळी चार.

गजर सुरू झाला. चढत गेला. वरच्या सा पाशी, नेमका त्याच जागी, आवाज फाटला.

पुतण्या अर्धा उठला. पण बुवांचा हात भात्यावरून हलला नाही. फाटक्या आवाजातच त्यांनी ती ओळ ओढली, पुढची ओढली, त्याच्या पुढची. भिकाजी मान खाली घालून वाजवत राहिले. मागची माणसं टाळ कुटत होती. शेवटच्या ओळीपर्यंत.

मग बुवांनी स्वतःच भाता बंद केला आणि पेटी पुतण्याकडे सरकवली.

सुलभाकाकू डोळे पुसत म्हणाल्या, "फाटला हो बुवा."

बुवा घाम टिपत होते. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"कागद हाय ना गो तुझ्याकडे? वाच. 'पूर्ण' लिहिलंय. 'गोड' कुठं लिहिलंय?"